प्रौढ तट्टाला रोज किती प्रथिने लागतात?

कर्जत तालुक्यातील माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. तेथे प्रवासी व सामान वाहण्याचे काम आजही घोडे-तट्टे करतात. कर्जत-खालापूर पट्ट्यात भाताचा पेंढा आणि पावसाळ्यानंतर कापलेले गवत सहज मिळते. त्याने जनावराचे पोट भरते, पण कष्टाच्या दिवसांत प्रथिने कमी पडतात.

रोजची गरज

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या शिफारशीनुसार २५० किलो वजनाच्या प्रौढ तट्टासाठी:

- विश्रांती: सुमारे ३१५ ग्रॅम
- हलके काम: ३५० ग्रॅम
- मध्यम काम: ३८५ ग्रॅम
- जड काम: ४३० ग्रॅम

गाभण किंवा दूध पाजणारी घोडी आणि वाढती शिंगरे यांचा हिशेब वेगळा करावा.

चाऱ्यातील प्रथिने (अंदाजे)

- भाताचा पेंढा: ३ ते ४ टक्के
- वाळलेले गवत: ४ ते ६ टक्के, कापणी उशिरा झाल्यास आणखी कमी
- वाळवलेला लसूणघास: १६ ते १८ टक्के
- हरभरा: १८ ते २० टक्के

हिशेब असा करा

५ टक्के प्रथिने असलेल्या ५ किलो गवतातून २५० ग्रॅम प्रथिने मिळतात. मध्यम काम असल्यास १३५ ग्रॅमची तूट राहते. ती पाऊण किलो हरभऱ्याने भरून निघते. हरभरा भिजवून, दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. आहारातील बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करावा, नाहीतर पोटशूळ होऊ शकतो.

गाई-म्हशींचे खाद्य देऊ नका

युरिया प्रक्रिया केलेला पेंढा किंवा युरियायुक्त पशुखाद्य तट्टाला देऊ नये. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव युरियापासून प्रथिने बनवतात. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे त्याला युरियाचा फारसा उपयोग होत नाही आणि जास्त प्रमाणात गेल्यास विषबाधा होते. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असते. ते थोड्या मात्रेतही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. पोत्यावरील घटक वाचल्याशिवाय खाद्य वापरू नका.

लक्षणे ओळखा

पाठीवरचे मांस उतरणे, केस निस्तेज होणे व खूर सावकाश वाढणे ही प्रथिनांच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. प्रथिने गरजेपेक्षा जास्त झाली तर जनावर पाणी जास्त पिते आणि तबेल्यात मुत्राचा उग्र वास येतो. खर्चही वाया जातो.

वजन घटत असेल तर आधी एकूण चारा पुरतो का ते पाहा. दात व जंत यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या आणि मगच खुराक वाढवा.