वऱ्हाडाच्या माथ्यावरून

तेल्हाऱ्याच्या माणसाला मुंबईस जायचे असेल, तर तो आजही अकोला किंवा शेगाव गाठतो आणि रेल्वेगाडी धरतो. मुंबई-नागपूर विमाने मात्र रोज वऱ्हाडाच्या माथ्यावरून जातात. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी १९४३ पासून आहे, तरी तिथून आज नियमित प्रवासी विमान सुटत नाही. १९९४ मध्ये देशाचे आकाश खुले झाले, त्याचा वऱ्हाडाला उपयोग किती झाला?

उत्तरासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि भारतात विमान कंपन्यांचे पेव फुटले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपाल व प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईचे विमान अर्थातच वऱ्हाडावरून जाई. ही सेवा सुरू करणारी 'इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स' थोड्याच महिन्यांत बंद पडली आणि काम 'हिमालयन एव्हिएशन'कडे गेले. प्रवासी मोजके आणि कंपन्या फार, अशी तेव्हाची अवस्था होती.

१९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने नेमके हेच निदान केले. गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले, असे तिचे मत होते. तात्काळ राष्ट्रीयीकरण मात्र तिने सुचवले नव्हते. सरकारने तो मार्ग पत्करला. १९५३ च्या कायद्याने आठ देशांतर्गत कंपन्या 'इंडियन एअरलाइन्स'मध्ये विलीन झाल्या आणि पुढली चार दशके नियमित देशांतर्गत वाहतूक सरकारी महामंडळांच्या हाती राहिली.

या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिकीट महाग, आसने अपुरी, आणि प्रवाशाला दुसरा पर्याय नाही. लहान गावांसाठी १९८१ मध्ये 'वायुदूत' ही सरकारी कंपनी निघाली. तिचे जाळे वेगाने पसरले आणि तोटाही तितक्याच वेगाने वाढला. १९९३ मध्ये ती 'इंडियन एअरलाइन्स'मध्ये विलीन करण्यात आली. त्याच वर्षी 'जेट एअरवेज' आणि 'दमानिया एअरवेज' आकाशात उतरल्या. हा योगायोग बोलका आहे.

खासगी कंपन्या आधी 'एअर टॅक्सी' म्हणून उडत होत्या. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला आणि त्यांना नियमित सेवेची वाट कायदेशीरपणे मोकळी झाली. मोठ्या शहरांतील प्रवाशाला तत्काळ लाभ झाला : वेळ पाळली जाऊ लागली, सेवा सुधारली, निवड करता आली. कंपन्यांची पडझडही लगेच सुरू झाली. 'ईस्ट-वेस्ट', 'दमानिया', 'मोदीलुफ्त' या तिन्ही नावांचा शेवट १९९७ पर्यंत झाला होता.

लहान गावांचा विचार सरकारने केलाच नव्हता, असे मात्र नाही. मार्च १९९४ मध्ये मार्ग-विभाजनाचे नियम आले. महानगरांना जोडणारे बारा मोठे मार्ग पहिल्या वर्गात ठेवले गेले. त्यांवर जितकी आसनक्षमता वापरली जाईल, तिच्या किमान १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार व लक्षद्वीपच्या मार्गांवर आणि किमान ५० टक्के उर्वरित देशातील मार्गांवर देणे बंधनकारक झाले. मेख या 'उर्वरित' शब्दात होती. मुंबई-नागपूर आणि मुंबई-गोवा हे दोन्ही मार्ग त्यातच मोडत. तिथे भरलेली विमाने उडवूनही नियम पाळला जात असे, त्यासाठी अकोल्यास उतरण्याची गरजच नव्हती. नियमाने आसने मोजली, गावे मोजली नाहीत.

अमेरिकेने १९७८ मध्ये आपली विमानसेवा नियंत्रणमुक्त केली, तेव्हा त्याच कायद्यात लहान गावांची सेवा टिकवण्यासाठी अनुदानाची तरतूद होती. भारतात तशी व्यवस्था 'उडान' योजनेच्या रूपाने २०१६ मध्ये आली. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांवर २,५०० रुपयांची मर्यादा, तूट भरून काढायला तीन वर्षे अनुदान, आणि त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारातून. मोठ्या मार्गाने लहान मार्गाला पोसायचे, हे सूत्र फार जुने होते.

अनुदानानेही सारे सुरळीत झाले नाही. शेजारच्या जळगावात डिसेंबर २०१७ मध्ये 'एअर डेक्कन'चे मुंबई विमान सुरू झाले आणि बंद पडले. २०१९ मध्ये 'ट्रूजेट' आली, तिचीही उड्डाणे २०२२ मध्ये थांबली.

शिवणीची अडचण आणखी वेगळी आहे. धावपट्टी अपुरी आहे आणि तिच्या विस्ताराला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते. हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. दरम्यान अमरावतीजवळ बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत नेण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे मुंबईचे पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. ते विमान 'अलायन्स एअर'चे होते. 'एअर इंडिया' टाटांकडे गेल्यानंतरही सरकारच्याच मालकीची राहिलेली ही कंपनी.