लाकूडतोड्यांचा प्रांत आणि सरकारला दिलेलं एक निवेदन

हार्ट अटॅक म्हणजे बंगल्यातल्या, गाडीतून फिरणाऱ्या माणसाचा आजार, असं आपल्याकडे पारावर अजून बोललं जातं. राबणाऱ्याला काय होतंय! ज्यांना असं वाटतं त्यांनी फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांताचा इतिहास बघावा.

रशियाच्या सीमेला लागून असलेला हा भाग. जंगल, तळी, छोटे शेतकरी आणि लाकूडतोडे. देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक. जेवणात दूध, लोणी, चरबीचं मांस आणि भरपूर मीठ. भाजी ताटात क्वचितच. निम्मे पुरुष सिगारेट ओढणारे. दिवसभर कुऱ्हाड चालवणारी ही दणकट माणसं चाळिशी-पन्नाशीत छाती धरून जायची. अमेरिकेचे अन्सेल कीज यांनी १९५८ च्या सुमारास सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला, त्यात हृदयविकारात पूर्व फिनलंड सगळ्यांच्या वर निघालं.

मग १९७१ च्या जानेवारीत त्या प्रांतानं सरकारला निवेदन दिलं. गव्हर्नर, खासदार, स्थानिक संस्था, सगळ्यांच्या सह्या. मागणी एकच : आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. मला या सगळ्या प्रकरणात हा कागद सगळ्यात मोठा वाटतो. आपण निवेदनं कशासाठी देतो? रस्ता, एसटी, ट्रान्सफॉर्मर. हृदयविकारासाठी निवेदन दिलेलं मी तरी वीस वर्षांच्या बातमीदारीत पाहिलं नाही.

१९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. प्रमुख होते पेक्का पुस्का, वयाची तिशीही न ओलांडलेले डॉक्टर. त्यांनी मोठं हृदयरोग हॉस्पिटल मागितलं नाही. नुसतं ‘लोणी कमी खा’ सांगून गरिबाच्या घरातलं जेवण बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून ते गेले मार्था नावाच्या महिला संघटनेकडे, म्हणजे समजा आपल्या बचत गटांसारख्या गावोगावच्या बायकांकडे. या बायकांनी ‘दीर्घायुष्याच्या पार्ट्या’ भरवल्या. नेहमीचाच रस्सा, फक्त चरबी कमी, मीठ कमी, भाजी जास्त. लोक जेवले, चव पटली, मग घरी शिजू लागलं.

दुसरीकडे सॉसेजच्या कारखानदारांना चरबी आणि मीठ कमी करायला राजी केलं. दूधवाले शेतकरी मात्र बिथरले, आणि ते साहजिकच होतं. लोणी खपलं नाही तर त्यांनी खायचं काय? त्यांच्यासाठी बेरीची लागवड पुढे आणली, थंडीत टिकणारी फळं. बीपीची तपासणी आणि नोंद आरोग्य केंद्रातल्या नर्सकडे दिली. १९७६ मध्ये देशानं तंबाखूविरोधी कायदा केला.

चाळीस वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. श्रेयावर वाद आहेच. शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू कमी झाले, उपचारही सुधारले. आणि फिनलंडमध्ये आजही कमी शिकलेला, कमी कमावणारा माणूस हृदयविकारानं जास्तच मरतो. पण घट झाली ती गरीब प्रांतात झाली, आणि तिचा मोठा वाटा जेवण, सिगारेट आणि बीपी या तीन गोष्टींचा, हे तिथल्या संशोधकांनी मांडलं आहे.

आता आपल्याकडे या. गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. बाजारच्या दिवशी भज्यांच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळतं, ते कोण बघतं? तिशीवरच्या माणसांचा फॉर्म आशाताई घरोघरी भरून घेतात. फॉर्म भरला, बीपी निघालं, पुढे गोळी? ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यानं सहा महिने ती कुठून आणायची? एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यायचं, आणि ‘स्टॉक नाही’ ऐकून परत जायचं, असं होत असेल तर त्यानं गोळी सोडली म्हणून त्याला बेफिकीर कसं म्हणायचं?

गेल्या तीन महिन्यांत तुमच्या उपकेंद्रात किंवा पीएचसीत बीपी-शुगरच्या गोळ्या सलग मिळाल्या का, ते गावाच्या नावासह खाली लिहा. पेशंटचं नाव नको. यादी करतोय, निवेदनाला जोडायची आहे.