नर्स परदेशी निघाली, जोडीदाराचं काय? धार-देवासच्या कुटुंबांसाठी परवाना आणि व्हिसाची माहिती

धार/देवास, प्रतिनिधी : धार, देवास, धामनोद, पीथमपूर या पट्ट्यातल्या बऱ्याच मराठी घरांत एक तरी मुलगी किंवा मुलगा नर्सिंगमध्ये असतो. सोयरिकी मात्र धुळे, जळगाव, नाशिककडे होतात. लग्नानंतर परदेशाचा विषय निघाला की घरात दोन प्रश्न हमखास येतात. जोडीदार सोबत येऊ शकेल का? आणि आला तर त्याला तिथं काम करता येईल का?

थोडक्यात उत्तर असं, की नोकरी कोणत्या नावाने मिळते त्यावर हे ठरतं. परवानाधारक नर्स म्हणून गेलात तर बहुतेक देशांत आज ना उद्या जोडीदाराचा रस्ता उघडतो. ‘केअर वर्कर’ किंवा ‘केअरगिव्हर’ म्हणून गेलात तर तोच रस्ता बंद असू शकतो. एजंटच्या तोंडी दोन्हीला ‘नर्सिंगचं काम’च म्हणतात. फरक कळतो तो लाखो रुपये भरून झाल्यावर.

क्रम चुकवू नका

परवाना, नोकरी, व्हिसा, जोडीदार. काम याच क्रमाने होतं. परवान्याची पात्रता नसताना ‘व्हिसा काढून देतो, परीक्षा तिकडं बघू’ असं कुणी म्हणत असेल तर तो नर्सचा व्हिसा बहुधा नसतोच.

पात्रतेत पहिला प्रश्न शिक्षणाचा. बीएस्सी नर्सिंग सगळीकडे चालतं. जीएनएम ब्रिटनसारख्या देशांत चालतं, पण ऑस्ट्रेलिया पदवीची पातळी मागतो. दोन वर्षांच्या एएनएमवर यांपैकी कुठंही रजिस्टर्ड नर्सचा परवाना मिळत नाही. एएनएमवर ‘नर्स व्हिसा’ सांगणाऱ्याला तिथूनच रामराम करावा.

भोपाळ की मुंबई? दोन्ही!

मध्य प्रदेशात शिकलेल्या नर्सचं पंजीयन, म्हणजे आपल्या मराठीत नोंदणी, भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे असतं. लग्न होऊन नाशिकला नोकरी धरली की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेही नोंदणी लागते. त्यासाठी भोपाळची एनओसी घ्यावी लागते. परदेशातली परवाना देणारी संस्था तुमच्या चांगल्या नोंदीचा दाखला, म्हणजे ‘गुड स्टँडिंग’, थेट कौन्सिलकडून मागते. त्यामुळे दोन्ही नोंदण्या चालू ठेवा. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या. एनयूआयडी, म्हणजे नर्सचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, घेतला नसेल तर तोही घ्या.

बीएस्सीच्या ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विषय आणि तासांच्या तपशिलासाठी, अलीकडच्या बॅचना जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विश्वविद्यालयाकडे जावं लागतं. महाराष्ट्रात शिकलेल्यांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. जुन्या बॅचची अंकसूची ज्या विद्यापीठाची, त्याच विद्यापीठाचं दार ठोठवायचं.

मध्य प्रदेशातल्या नर्सेसनी आणखी एक गोष्ट बघावी. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्यातल्या तीनशेहून अधिक नर्सिंग कॉलेजांची सीबीआय तपासणी झाली. मे २०२४ मध्ये तपास पथकातल्याच काही अधिकाऱ्यांना लाचप्रकरणी अटक झाली आणि आधी ‘योग्य’ ठरवलेल्या कॉलेजांची पुन्हा तपासणी करावी लागली. बऱ्याच कॉलेजांची मान्यता गेली, परीक्षाही लांबल्या. म्हणून इंग्रजीचा क्लास लावण्याआधी आपल्या बॅचच्या वर्षी कॉलेजला मान्यता होती का, हे कौन्सिलच्या कागदावर तपासा. मान्यतेची अडचण असेल तर ती आज कळलेली बरी. नोकरीचं पत्र आल्यावर कळली तर सगळंच अडकतं.

नावाची भानगड

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडवणूक इथं होते. बारावीच्या अंकसूचीवर ‘कुमारी’ आणि नुसतं नाव-आडनाव. महाराष्ट्राच्या पद्धतीने केलेल्या कागदावर मधे वडिलांचं नाव. लग्नानंतरच्या आधारवर मधे नवऱ्याचं नाव आणि आडनावही वेगळं. त्यात इंग्रजी स्पेलिंगची गंमत निराळी. धार-देवासच्या राजघराण्याचंच आडनाव इंग्रजीत पुआर, पोवार, पवार असं तऱ्हेतऱ्हेनं लिहिलेलं सापडतं, मग आपल्यासारख्यांचं काय!

उपाय सोपा आहे, पण वेळेवर करायला हवा :

• पासपोर्टवर जे नाव आहे तेच भाषेच्या परीक्षेला, परवान्याच्या अर्जाला आणि व्हिसाला वापरा. एका अक्षराचाही फरक नको.
• पासपोर्टवर नाव बदलण्याची सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि सोबत विवाह प्रमाणपत्र, असंही चालतं. अर्ध्या वाटेवर नाव बदलणं मात्र टाळा.
• नाव बदललंच असेल तर कौन्सिलच्या नोंदीतही बदलून घ्या.
• विवाह नोंदणी करून ठेवा. मध्य प्रदेशात २००८ च्या अनिवार्य विवाह नोंदणी नियमांनुसार आणि महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ती होते. लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम व्हिसा अधिकाऱ्याला पुरत नाही.
• प्रमाणपत्र हिंदीत किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

कोणत्या देशात जोडीदाराचं काय?

*ब्रिटन.* परवाना नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे तिथली एनएमसी, देते. आपल्याकडची डॉक्टरांची एनएमसी वेगळी. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात, ओईटीही चालते. मग संगणकावरची सीबीटी परीक्षा भारतात होते आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की ब्रिटनमध्ये. नर्स हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर जाते आणि जोडीदार व मुलं सोबत जाऊ शकतात. जोडीदाराला जवळपास कोणतंही काम करता येतं, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

हा नियम नर्ससाठी आहे. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब नेता येत नाही आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालं. तेव्हा आज कुणी ब्रिटनचा ‘केअर व्हिसा, नवऱ्यासकट’ विकत असेल तर तो नसलेला माल विकतो आहे.

एक जुनी गोष्ट फार जणांना माहीत नसते. २००४ च्या ब्रिटिश भरती आचारसंहितेत भारतातल्या चार राज्यांतून नर्सेसची थेट भरती करू नये असं नमूद होतं. आंध्र प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल आणि आपला मध्य प्रदेश. ही राज्यं तेव्हा ब्रिटनची विकास मदत घेत होती. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी आरोग्य कर्मचाऱ्यांबाबत करार केला. भरती मेळावे केरळात वर्षानुवर्षं भरत आले आणि आपल्याकडे माहिती एजंटच्या तोंडून पोचते, त्यामागे हाही इतिहास आहे.

*आयर्लंड.* आधी तिथल्या नर्सिंग बोर्डाचं निर्णयपत्र, मग तिथं जाऊन अॅप्टिट्यूड टेस्ट किंवा हॉस्पिटलमधला अनुकूलन काळ. या टप्प्याच्या परवानगीवर कुटुंब नेता येत नाही. नोंदणी होऊन क्रिटिकल स्किल्स परमिट मिळालं की जोडीदार जाऊ शकतो आणि त्याला वेगळ्या परमिटशिवाय काम करता येतं. म्हणजे काही महिने एकटीने काढायची तयारी हवी.

*जर्मनी.* इथं सगळा खेळ भाषेचा. परवान्यासाठी साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते. पदवीत कमतरता दाखवली तर तिथं परीक्षा किंवा प्रशिक्षण करावं लागतं. जोडीदाराला नेताना उत्पन्न बघतात. व्हिसा मिळाल्यावर त्याला काम करता येतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. सासर महाराष्ट्रात असलेल्यांनी तिथली योजना आणि रहिवासाच्या अटी नीट वाचाव्यात. मध्य प्रदेशचं मूल निवासी प्रमाणपत्र तिथं चालेल असं धरून बसू नये.

*ऑस्ट्रेलिया.* भारतीय नर्सला एनसीएलईएक्स आणि ॲडलेडला होणारी ऑस्की द्यावी लागते. नोकरीच्या व्हिसावरही जोडीदाराला कामाचा पूर्ण हक्क मिळतो. गुणांवर मिळणाऱ्या पीआरसाठी जोडीदाराचं शिक्षण आणि इंग्रजी चांगलं असेल तर त्याचे वेगळे गुण धरतात. पीथमपूरच्या कारखान्यातल्या इंजिनिअर नवऱ्यानेही आयईएलटीएस द्यावी ती याचसाठी.

*अमेरिका.* एनसीएलईएक्स आणि व्हिसास्क्रीन झालं की ग्रीन कार्डचा मार्ग आहे आणि जोडीदाराला सोबतच ग्रीन कार्ड मिळतं. पण भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. लगेच जायचं असेल तर हा पर्याय नव्हे.

*आखाती देश.* डेटाफ्लोकडून कागदांची मूळ ठिकाणी पडताळणी, मग प्रोमेट्रिक परीक्षा. पगारावर आयकर नाही, पण हॉस्पिटलची राहायची जागा बहुतेक वेळा एकटीपुरतीच असते. कुटुंब न्यायचं तर संयुक्त अरब अमिरातीत महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा, एवढं किमान उत्पन्न दाखवावं लागतं. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला काम करायचं तर वर्क परमिट वेगळं. युएई, कतार, कुवैतसाठी पदवी आणि विवाह प्रमाणपत्रावर दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदीसाठी अपोस्टिल चालतं.

हिशेब मांडून बघा

ब्रिटनचं उदाहरण घेऊ. परवान्याचा खर्च : मूल्यांकन १४० पौंड, सीबीटी ८३, ऑस्की ७९४, नोंदणी १५३. एकूण १,१७० पौंड. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी २०२५ च्या दराने माणशी ३०४, म्हणजे दोघांचे ६०८. हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार माफ आहे. तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड असतो. दोघांचे तीन वर्षांचे ६,२१० पौंड वाचतात. सरकारी एनएचएसची बरीच हॉस्पिटलं परीक्षेचा आणि विमानाचा खर्चही देतात, मात्र ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर तो परत मागतात. ते कलम सहीआधी वाचा.

इंग्लंडमध्ये नोंदणीकृत नर्सचा सुरुवातीचा वार्षिक पगार २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड आहे. ऑस्की पास होईपर्यंत त्याहून कमी मिळतो. घरभाडं त्यातूनच द्यायचं असतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या हिशेबात नवऱ्याचा पगार शून्य धरा. तरीही गणित बसत असेल तरच दोघांनी सोबत निघा. नाहीतर एकाने मागून जाणं यात कमीपणा काही नाही. दागिने गहाण ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

एजंट : काय विचाराल?

ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदा आहे. भारतात १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. १८ ठरावीक देशांत, त्यात सगळा आखात येतो, जाणाऱ्या नर्सला २०१५ पासून ईमायग्रेट पोर्टलवरूनच मंजुरी घ्यावी लागते, पासपोर्ट ईसीएनआर असला तरी. त्याच वर्षी कुवैतच्या नर्स भरतीत कोचीच्या एका एजन्सीने साडेएकोणीस हजारांच्या जागी साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण सीबीआयकडे गेलं होतं. टुरिस्ट व्हिसावर पाठवून ‘तिकडं बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याबरोबर मुळीच जाऊ नका.

एजंटला चार प्रश्न लेखी विचारा :

१. ईमायग्रेटवरचा तुमचा परवाना क्रमांक काय?
२. नोकरीच्या पत्रात पदाचं नाव आणि व्हिसाचा प्रकार काय लिहिलाय?
३. या व्हिसावर जोडीदार पहिल्या दिवसापासून येऊ शकतो का? त्याला काम करता येतं का?
४. परीक्षा नापास झाली तर नोकरीचं आणि पैशांचं काय?

उत्तर आलं की ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा. ब्रिटनच्या परवानाधारक मालकांची यादी सर्वांसाठी खुली आहे. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.

या महिन्यात एवढं करा

• दोघांचे पासपोर्ट. नावं आणि मुदत तपासा
• विवाह नोंदणी आणि इंग्रजी भाषांतर
• कौन्सिलचं नूतनीकरण. दुसऱ्या राज्यात काम केलं असेल तर तिथलीही नोंदणी
• ट्रान्सक्रिप्टचा अर्ज
• प्रत्येक हॉस्पिटलचं तारखांसह अनुभव प्रमाणपत्र. हॉस्पिटल बंद पडण्याआधी घ्या
• सरकारी नोकरीत असाल तर विभागाच्या एनओसीची चौकशी
• जोडीदाराचेही शिक्षणाचे आणि अनुभवाचे कागद, त्याची वेगळी फाइल

शेवटची फाइल लोक विसरतात. तिकडं गेल्यावर घरी बसायचं की कामाला लागायचं, हे नवऱ्याच्या बाबतीत त्याच फाइलवर ठरतं. नर्स पुरुष असेल, आपल्याकडचा ‘ब्रदर’, तर बायकोच्या फाइलला हाच नियम लागू.