गिलमन स्ट्रीटवरील सभागृह

कलावंताची कीर्ती पसरली म्हणजे त्याच्या पहिल्या कृतीचा शोध सुरू होतो. ती कृती ज्या जागेच्या आश्रयाने वाढली तिचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. 'ग्रीन डे' ह्या अमेरिकन बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा वृत्तांत आम्ही येथे देत आहोत, तो मुख्यतः त्या जागेसाठी.

पंक हा रॉक संगीतातील बंडखोर प्रकार. मोजके स्वर, भरधाव लय आणि आडपडदा नसलेले शब्द ही त्याची लक्षणे. त्यात सहज गुणगुणता येईल अशी चाल मिसळली की त्यास पॉप-पंक म्हणतात. अमेरिकेत असे गाणे बहुधा मद्यालयांत चाले, आणि तेथे २१ वर्षांखालील मुलांस दार बंद असे. ही उणीव भरून काढणारे एक सभागृह कॅलिफोर्नियातील बर्कली शहरी, ९२४ गिलमन स्ट्रीट येथे, ३१ डिसेंबर १९८६ रोजी उघडले. कारभार स्वयंसेवकांचा, प्रवेश सर्व वयांच्या श्रोत्यांस. मद्य, मारामारी व वर्णद्वेष ह्यांस मज्जाव. आणखी एक दंडक असा की, बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केलेल्यांनी ह्या रंगमंचावर गाऊ नये.

जवळच्या रोडिओ गावचे बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे दोन बालमित्र ह्या सभागृहात वावरू लागले. वयाने थोडा वडील असलेला जॉन किफमायर ड्रम वाजवी. लॅरी लिव्हरमोर ह्यांच्या 'लुकआउट' ह्या छोट्या संस्थेने १९८९ साली त्यांची चार गाण्यांची तबकडी काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील एका ध्वनिमुद्रणगृहात अँडी अर्न्स्ट ह्यांच्या साहाय्याने '३९/स्मूद' तयार होऊ लागली. गाणी दहा, खर्च ७०० डॉलरांच्या आत, आणि त्या दोघा मित्रांचे वय अवघे सतरा! एप्रिल १९९० मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या उन्हाळ्यात तिघेही गाडीत वाद्ये भरून गावोगाव गात फिरले.

पुढे १९९३ साली त्यांनी 'रिप्राइज' ह्या बड्या कंपनीशी करार केला. १९९४ च्या 'डूकी' ह्या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. आणि दंडकाप्रमाणे गिलमनचे दार त्यांना बंद झाले.

न्याय कोणाच्या बाजूस? आमच्या मते दोन्ही बाजूंस. आपल्या लेकरांसाठीही नियम न वाकविणारी संस्था कठोर खरी. पण नाणावलेल्यांसाठी तिने तो वाकविला असता, तर उद्याच्या अनोळखी मुलांच्या वाट्यास तो रंगमंच किती आला असता? उलट, कलावंताने विस्तीर्ण जगाकडे जाऊच नये, हेही म्हणता येत नाही. १७ मे २०१५ रोजी ग्रीन डे त्याच सभागृहात पुन्हा गायले, ते आगीची झळ पोचलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या व छापखान्याच्या मदतीसाठी. ऋण फेडण्याची ही रीत आम्हांस शोभिवंत वाटते.

देवळाच्या चौकात गळा तयार होऊन पुढे मुंबईत नावारूपास आलेल्या गोमंतकीय गायकांची परंपरा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्यांच्या तसबिरी आपण आदराने लावतो. तथापि आज ज्यांचे नाव कोणास माहीत नाही अशा सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आपले सभामंडप वर्षातून किती रात्री मोकळे असतात, ह्याचा हिशेब प्रत्येक देवस्थानच्या महाजनांनी एकदा मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे.