खिशातला तहकूब डाव

बुद्धिबळाचा पट लहान करणं सोपं. कापडावर चौसष्ट घरं शिवली की तो गुंडाळून पिशवीत जातो. पंचाईत होते ती अर्ध्या डावात उतरायचं स्टेशन आलं की. मुलांना घेऊन मी सांगलीहून स्पर्धांना निघतो, तेव्हा गाडी सुटते न सुटते तोच पट उघडतात, आणि पुणं आलं की कुणीतरी हमखास कुरकुरतं, "सर, मी जिंकत होतो!" प्रवासी पटांचा इतिहास मी या कुरकुरीवरच्या उत्तरांचा इतिहास मानतो.

त्यातलं एक नामी उत्तर लंडनच्या डॉ. पीटर मार्क रोजे यांचं. १८५२ मध्ये इंग्रजीचा 'थिसॉरस' काढणारे हेच. १८४० मध्ये त्यांनी घोडा चौसष्ट घरांतून, कुठल्याही घरात दुसऱ्यांदा न जाता, कसा फिरवायचा यावर लेख छापला होता. प्रत्येक गोष्टीला तिचं घर नेमून देण्याची खोडच म्हणायची! रेल्वे नवी असताना, त्याच दशकात, त्यांनी घडीचा खिशातला पट काढला. घराघराला चीर आणि मोहरी म्हणजे चपटे तुकडे. चिरेत सरकवले की पट मिटा, खिशात टाका; डाव जागच्या जागी. चिरांची ही रीत पुढे टपालानं खेळणाऱ्यांच्याही कामी आली. एकाच वेळी अनेक डाव, एकेका खेळीला दिवसच्या दिवस. मग प्रत्येक डावाला स्वतंत्र पाकीट.

लंडनच्याच जॅक्स कंपनीनं दुसरी वाट धरली. १८४९ मध्ये स्टॉन्टन घडणीची मोहरी बाजारात आणणारी ही कंपनी. तिच्या 'इन स्टॅटू क्वो' पटात मोहऱ्यांच्या बुडाला खुंट्या असत. कळ फिरवली की पट त्या आवळून धरी, आणि मोहऱ्यांसकट मिटे. फ्रान्सकडून ऑलिंपियाड खेळलेला चित्रकार मार्सेल द्युशाँ यानं १९४० च्या दशकात चामड्याच्या पाकिटात सेल्युलॉइडची मोहरी बसवली, टाचण्यांच्या आधारानं.

मग आलं चुंबक. पण ९ जून १९७० रोजी सोयूझ-९ यानातून सोव्हिएत अंतराळवीर निकोलायेव आणि सेवास्त्यानोव पृथ्वीवरच्या सहकाऱ्यांशी खेळले, तेव्हा यानातल्या उपकरणांना बाधा नको म्हणून चुंबक वर्ज्य होतं. वजनरहित अवस्थेत मोहरी तरंगू नयेत यासाठी पटाला खाचा केल्या. डाव बरोबरीत सुटला.

खिशातल्या पटाची खरी चलती होती ती डाव तहकूब होण्याच्या काळात. ठरलेले तास संपले की खेळाडू पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी, पंच तो जपून ठेवी, आणि मधली रात्र विचारात जाई. बॉबी फिशर तर जेवणाच्या टेबलावरही छोटा पट उघडून बसे. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेत्या स्पास्कीशी झालेल्या त्याच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला एकविसावा डाव असाच तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, स्पास्कीनं पटावर न येता फोनवरून हार कळवली. जगज्जेतेपद तिथंच फिरलं. संगणक तगडे झाल्यावर १९९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली. डाव रात्रभर ठेवला तर विचार खेळाडूचा की यंत्राचा, हे कोण सांगणार?

आता प्रत्येक फोनमध्ये पट आहे, डाव मोडण्याची भीती उरलेली नाही. तरी प्रवासात मी मुलांच्या हाती चुंबकाचा पट आणि एक कोड्यांचं पुस्तक देतो. स्थिती लावताना प्रत्येक प्यादं कुठल्या घरात आहे हे त्यांना स्वतः बघावं लागतं. एक जरी चुकलं तर कोडं सुटत नाही, मग पुन्हा पुस्तकात डोकं. फोन उत्तर तयार ठेवतो, आणि मुलं ते लगेच विचारतात. मला उत्तराशिवाय तासभर एका स्थितीकडे बघत बसणारा खेळाडू घडवायचा आहे. स्पर्धेच्या पटावर त्याला विचारायला कुणीच नसतं.