नोंदणीकृत परिचारिका होण्याचे शैक्षणिक मार्ग

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील अनेक घरांत परिचर्या अभ्यासक्रमांची चौकशी सुरू होते. पालकांनी एक भेद प्रथमच ध्यानी घ्यावा. ‘नर्सिंग’ हे नाव धारण करणारा प्रत्येक अभ्यासक्रम नोंदणीपर्यंत नेत नाही. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी मुंबई येथील महाराष्ट्र परिचर्या परिषद करते.

सहा महिने वा वर्षभराची रुग्णसहाय्यकाची प्रमाणपत्रे अनेक ठिकाणी दिली जातात. त्यांवर शुश्रूषेचे काम मिळू शकते व ते प्रतिष्ठेचेही आहे. परंतु परिषदेच्या नोंदवहीत नाव चढत नाही. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेची खात्री परिषदेकडूनच करून घ्यावी, केवळ माहितीपत्रकावर विसंबू नये.

नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असून राज्यात प्रवेश सामायिक परीक्षेद्वारे होतो. दुसरा, तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका. कला वा वाणिज्य शाखेची विद्यार्थिनीही बारावीत इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण असल्यास तिला पात्र ठरते. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि विज्ञान न घेतलेल्या गुणी मुली विनाकारण मागे राहतात. मुलांनाही हे दोन्ही मार्ग खुले आहेत.

पदविका म्हणजे शेवटची पायरी नव्हे. नोंदणी झालेल्या जी.एन.एम. परिचारिकेस दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते आणि पुढे आवश्यक अनुभवानंतर दोन वर्षांची एम.एस्सी.ही करता येते. अध्यापनाची इच्छा असणाऱ्यांनी तिचा विचार अवश्य करावा. दोन वर्षांच्या ए.एन.एम. अभ्यासक्रमाची नोंदणी मात्र वेगळी, साहाय्यक परिचारिका-प्रसाविका म्हणून होते, तेथून जी.एन.एम.ला जाता येते.

पदवी असो वा पदविका, नोंदणी ‘परिचारिका व प्रसाविका’ अशी दुहेरी असते. यांतील दुसऱ्या सेवेला ख्रिस्तसभेत निराळा इतिहास आहे. धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची मोकळीक रोमच्या धर्मप्रसार परिषदेने १९३६ साली दिली; त्यापूर्वी त्यांच्यावर याबाबत निर्बंध होते.

शिक्षणाचा दर्जा ठरवणारी भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम पाहावेत हे उत्तम.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना येथील नोंदणी हाती असली तरी तिकडची परवानगी निराळी घ्यावी लागते. अमेरिकेत एन्क्लेक्स-आर.एन. परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मनीत येथील शिक्षणास मान्यता मिळवण्याबरोबरच जर्मन भाषेची साधारणतः बी-२ पातळी अपेक्षित असते. भाषेचा अभ्यास नोकरी शोधताना नव्हे, तर शिक्षण चालू असतानाच आरंभलेला बरा.