पेठेचा खेळ

गिरण्यांच्या गावात फुटबॉल रुजायला हवा होता, असा विचार आम्हा सोलापूरकरांच्या मनात सहसा येत नाही. इंग्लंडचा इतिहास वाचताना मात्र तो हमखास येतो. १८८८ साली तिथे जगातली पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली. तिच्या बारा संघांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे, म्हणजे कापसाच्या मुलखातले होते. त्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला हरवून एफ. ए. चषक जिंकला होता. त्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते. सरदारपुत्रांच्या शाळांमधून निघालेला खेळ कामगारांच्या हाती, खरे तर पायी, गेला तो त्या दिवशी.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. गाव भोंग्यावर उठू लागले. धूर, चाळी, पगाराचा दिवस, संप हे सगळे लँकेशायरसारखेच आले. फुटबॉल मात्र आला तसा गेला. शाळा-कॉलेजांतून तो खेळला जातो, पण गावाचा झाला नाही. पार्क मैदानावर राज्य केले ते क्रिकेटने. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापुरातला, हे आम्ही अजूनही पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

असे का झाले, याचे एक उत्तर मला शनिवारच्या दुपारीत दिसते. इंग्लंडमध्ये १८५०च्या कारखाना कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे हळूहळू पुरुषांचीही ती दुपार मोकळी झाली. इंग्लिश फुटबॉलचा सगळा डोलारा या अर्ध्या दिवसावर उभा आहे. आमच्याकडे कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा पडली ती १९११च्या कायद्याने. आठवड्याला साठ तासांची १९२२च्या आणि अठ्ठेचाळीस तासांची १९४६च्या. आठवड्याची एक सुट्टी असे, पण ती बाजार, धुणे आणि झोप यांतच संपायची. हातमागावरच्या विणकराची स्थिती तर आणखी वेगळी. माग घरातच, बायकोमुले त्याच कामात. त्याला भोंगा नाही, म्हणून सुटीही नाही. अशा माणसाने नव्वद मिनिटे चेंडूमागे धावावे, ही अपेक्षाच चैनीची आहे.

पण हे उत्तर पुरे पडत नाही. गिरण्यांनीच फुटबॉल येत असता तर महाराष्ट्रात मुंबईखालोखाल तो सोलापुरात दिसायला हवा होता. तो दिसतो कोल्हापुरात. तिथे शाहू मिल ही एक गिरणी होती खरी, पण कोल्हापूरचा फुटबॉल गिरणीने घडवला नाही. तो तालमींनी घडवला.

‘तालीम’ हा शब्द अरबी. अर्थ शिक्षण, सराव. मराठीत त्याचा अर्थ कुस्तीच्या आखाड्याला चिकटला. कोल्हापुरात मात्र तालीम म्हणजे नुसती तांबडी माती नव्हे. ती पेठेची सार्वजनिक बैठक आहे. तिथे गणपती बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, भांडणे मिटतात (आणि सुरूही होतात), निवडणुकीची गणिते मांडली जातात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याने या संस्थांना बळ आले. १९०२च्या युरोप प्रवासात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. ते १९१२ साली पुरे झाले. म्हणजे हजारोंनी एका जागी बसून, आपल्या माणसाच्या नावाने ओरडून खेळ पाहण्याची सवय या गावाला फुटबॉलच्या आधी लागलेली होती.

फुटबॉल आला तेव्हा त्याला नवे घर बांधावे लागले नाही. आजही संघांची नावे वाचली की हे कळते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ आणि या सगळ्यांत एकट्याच इंग्रजी नावाने वावरणारा प्रॅक्टिस क्लब. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये लष्करी पलटणींचे आणि नंतर कंपन्यांचे संघ असत. संघ ज्याचा, त्याची बदली झाली किंवा धंदा बसला, की संघ संपे. पेठेची बदली होत नाही. कोल्हापूरची लीग टिकली त्याचे निम्मे रहस्य मला यात वाटते.

उरलेले निम्मे दरबारात. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे गाव तिला ‘केएसए’ म्हणते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचे ते शेवटचे वर्ष. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण छत्रपती घराण्याने या संस्थेचे पालकत्व सोडले नाही. संस्थान गेले, लीग राहिली. यात सरंजामी अवशेष पाहणारे पाहोत. मला त्यात एक व्यवहारही दिसतो. पेठापेठांच्या ईर्षेत निवाडा करायला असा कोणी लागतो जो कुठल्याच पेठेचा नाही. सोलापूर हा ब्रिटिश मुलूख. आमच्याकडे कलेक्टर होता आणि गिरणीमालक होते. १९३० साली लष्करी कायदा पाहिलेल्या या गावात कलेक्टरच्या हातून चषक घ्यायला कोण उत्सुक असणार?

आणि तालमी तर सोलापुरातही आहेत. त्यांची मंडळे आहेत, त्यांची चुरसही आहे. पण ती चुरस लेझमीत उतरली. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत इथल्या मंडळांचे शेकडो खेळाडू एका ठेक्यावर जे डाव टाकतात, ते पाहिल्यावर ही माणसे खेळत नाहीत असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. फरक इतकाच की लेझमीत गोल मोजत नाहीत.

कोल्हापूरची लीग ज्या छत्रपती शाहू स्टेडियमवर होते ती जागा मुळात रावणेश्वर तळ्याची. जुने कोल्हापूर तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वराचे स्टेडियम. पाणी गेले आणि खेळ आला, हा सौदा बरा की वाईट हे ज्याने त्याने ठरवावे. हंगाम साधारण डिसेंबरात लीगने सुरू होतो. लीग आटोपली की बाद पद्धतीच्या स्पर्धा एकामागून एक लागतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचे संघ समोरासमोर आले की हलगी-कैताळाच्या आवाजात पंचाची शिट्टी खेळाडूंना ऐकू येत असेल की नाही, अशी शंका यावी.

इथे गोडवे थांबवायला हवेत. जी ईर्षा गॅलरी भरते तीच दगडही उचलते. मैदानातील हाणामारी, स्टेडियमबाहेरची दगडफेक, अर्ध्यावर थांबलेले सामने, पोलीस बंदोबस्त हे या लीगच्या इतिहासाचे प्रकरण आहे, तळटीप नव्हे. ‘थोड्या हुल्लडबाजांमुळे खेळ बदनाम होतो’ असे नेहमीचे स्पष्टीकरण देतात. मला ते पटत नाही. पेठेची इज्जत अकरा पोरांच्या खांद्यावर ठेवली, की हरणे हा खेळाचा निकाल राहत नाही. तो अपमान होतो. कुस्तीत हरलेला मल्ल एकटा हरतो. फुटबॉलमध्ये गल्ली हरते.

दुसरा प्रश्न हौशीपणाचा. २०१०नंतरच्या दशकात कोल्हापूरच्या संघांतून आफ्रिकी देशांतले खेळाडू दिसू लागले. पेठेच्या पोराला पेठेच्याच संघात जागा मिळेना, अशी कुरकुर झाली. ही कुरकुर फार जुनी आहे. ब्लॅकबर्न ऑलिंपिकच्या विजयानंतर लंडनच्या सभ्य गृहस्थांनी हीच केली होती. ‘हे विणकर पैसे घेऊन खेळतात.’ १८८५ साली इंग्लंडने पैसे घेणे कायदेशीर केले आणि चारच वर्षांत, खर्च न पेलल्याने, ऑलिंपिकच बंद पडले. शेजारचे ब्लॅकबर्न रोव्हर्स तगले. वर्गणीवर आणि देणगीदारावर चालणाऱ्या मंडळांनी हा तपशील जपून ठेवण्याजोगा आहे.

फुटबॉलमध्ये पुढे जायचे तर कोल्हापूरच्या मुलाला अखेर पेठ सोडावी लागते. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. शंभरात नव्व्याण्णव मुले अनिकेत होत नाहीत. ती नोकरी पाहतात, दुकान पाहतात, आणि संध्याकाळी सरावाला येतात. १८ डिसेंबर २०२२च्या रात्री अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यांवर फटाके वाजले, झेंडे नाचले. वृत्तवाहिन्यांना त्याचे नवल वाटले. त्यांनी ते गावाचे परदेशी वेड म्हणून दाखवले. मेस्सीच्या फलकाखाली नाचणाऱ्या त्या पोरांपैकी कित्येकांचे बाप आणि आजे याच शाहू स्टेडियमवर पेठेसाठी खेळून गेले होते, हे कोणी विचारले नाही.